सूप मागितले, वडी आली

भगिनींनो, लेकीच्या घरी गेलेल्या आईचा पाहुणचार चार दिवसांचा. पाचव्या दिवशी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात येते. मग ते घर बीड जिल्ह्यात असो की न्यूयॉर्कमध्ये. माझी लेक आणि जावई न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतात. वस्तीचे नाव सनीसाइड. रस्त्याच्या वरून, कमानींवरून, सात नंबरची रेल्वे धडधडत जाते आणि आजूबाजूला दुकानांची रांग असते. एक दुकान तुर्कस्तानच्या माणसाचे, पुढचे रोमानियाच्या, पलीकडे कोलंबियाच्या बाईची बेकरी. बहुतेक सगळे बाहेरून आलेले आणि पोटासाठी राबणारे. मला ती वस्ती परकी वाटली नाही.

स्वयंपाकघर हाती आल्यावर मी पहिल्यांदा काय केले, तर नातवाच्या डब्यात भाकरी दिली. भारतीय दुकानातून ज्वारीचे पीठ आणले होते. पातळ भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी आणि तुपाचा गोळा. नातू तिसरीत आहे. संध्याकाळी डबा उघडून पाहिला तर भाकरी जशीच्या तशी.

"का रे, आवडली नाही?" मी विचारले.

"आवडते गं आजी. पण डबा उघडला की सगळे विचारतात, हे काय आहे? मला सांगताच येत नाही."

लेक म्हणाली, "आई, तू त्याला ब्रेडच देत जा. कशाला रोजची कटकट?"

मी गप्प बसले. पोराचा राग आला नाही. राग यायला मी त्याच्याहून वेगळी कुठे होते? तालुक्याच्या शाळेत आम्ही मुली दुपारी लिंबाच्या झाडाखाली डबे उघडायचो. माझ्या डब्यात बहुतेक वेळा ताकातल्या कण्या असत, नाहीतर अंबाड्याची भाजी आणि भाकरी. पोळी-भाजी आणणाऱ्या मुली शेजारी बसल्या की मी डब्याचे झाकण आडवे धरून जेवत असे. घास तोंडात आणि लक्ष झाकणाकडे. आईच्या हाताची चव मी त्या झाकणाआड कितीदा गमावली, याचा हिशेब आज लागायचा नाही. तोच झाकणाचा खेळ तिसऱ्या पिढीत, सातासमुद्रापलीकडे चाललेला पाहून जीव थोडा कासावीस झाला.

त्या रविवारी जावई म्हणाले, "आई, आज चूल बंद. कोपऱ्यावर एक पाराग्वेचं हॉटेल आहे, तिथं जाऊ. बाई स्वतः करून वाढते."

पाराग्वे! शाळेत नकाशा भरताना दक्षिण अमेरिकेच्या पोटात हा देश रंगवल्याचे आठवत होते, बाकी काही नाही. म्हणून वाचकांसाठी आधी एवढे सांगते. ब्राझील, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया या तीन देशांच्या मध्ये सापडलेला हा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठे. पण २०२२ च्या जनगणनेत माणसे भरली सुमारे ६१ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्मीही नाहीत. राजधानी असुन्सियोन. पोटासाठी देश सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण शेजारच्या अर्जेंटिनात जातात, पुष्कळ बाया स्पेनला घरकामाला गेल्या, आणि काही कुटुंबे न्यूयॉर्कला पोचली.

हॉटेल छोटेसेच. आठ-दहा टेबले. भिंतीवर लाल-पांढरा-निळा झेंडा आणि काचेत मढवलेली एक नाजूक जाळी. कोळ्याच्या जाळ्यासारखी विणलेली ही लेस पाराग्वेच्या बाया हाताने करतात. तिचे नावच न्यान्दुती, म्हणजे कोळ्याचे जाळे. एका टेबलावर बांधकामाचे बूट घातलेले चार गडी जेवत होते. दुसऱ्यावर एक म्हातारी आणि तिची सून. गल्ल्यापाशी साठीची मालकीणबाई उभी. तिची नात पाने वाढत होती आणि तिला इंग्रजी उत्तम येत होते. आमचा सगळा संवाद त्या पोरीच्या तोंडून झाला.

बाहेर कडाक्याची थंडी. मी म्हटले, आधी गरम सूप घेऊ. यादीत पहिलेच नाव होते 'सोपा पाराग्वाया'. सोपा म्हणजे सूप, पाराग्वेचे सूप. तेच मागितले. थोड्या वेळाने बशीत आली एक जाडजूड पिवळी चौकोनी वडी.

"अगं, मी सूप मागितलं होतं," मी म्हणाले.

पोरगी हसली. शेजारचे बांधकामवाले गडीही हसले. बहुधा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाची इथे हीच गत होत असावी. आमच्या पुढ्यात आले होते तेच पाराग्वेचे सूप. मक्याचे पीठ, अंडी, दूध, खारट चीज, परतलेला कांदा आणि चरबी किंवा लोणी एकत्र कालवून भट्टीत भाजतात. चमच्याने प्यायचे नाही, हाताने तोडून खायचे. याच्यामागे एक गोष्ट सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कार्लोस अंतोनियो लोपेस नावाचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना दुधा-चीजचे पांढरे सूप फार आवडे. एके दिवशी स्वयंपाकिणीच्या हातून त्यात मक्याचे पीठ जास्त पडले आणि सूप घट्ट झाले. दुसरे करायला वेळ नव्हता. तिने ते भांडे तसेच भट्टीत सारले आणि वड्या कापून साहेबांपुढे ठेवल्या. साहेबांना ते आवडले आणि त्यांनी त्याचे नाव ठेवले पाराग्वेचे सूप. गोष्ट खरी असो की रचलेली, तिच्यात एक गोष्ट मला आवडली. राष्ट्राध्यक्षाचे नाव घेत घेत लोक आठवण ठेवतात ती स्वयंपाकिणीची.

मग खरेखुरे पातळ आले, त्याचे नाव 'वोरी वोरी'. कोंबडीच्या दाट रश्शात मक्याचे पीठ आणि चीज यांचे सुपारीएवढे गोळे सोडलेले. आपल्या आमटीत सोडलेल्या फळांची आठवण झाली. स्पॅनिश भाषेत बारीक गोळीला 'बोलिता' म्हणतात. त्याचे ग्वारानी तोंडात 'वोरी' झाले आणि गोळे अनेक म्हणून वोरी वोरी, असे म्हणतात. ग्वारानी ही तिथल्या आदिवासींची भाषा. तिच्याकडे पुढे येणारच आहे.

रश्शाबरोबर बशीत उकडलेल्या कंदाचे पांढरे तुकडे होते. आपल्याकडे जेवणाला भाकरी, तसा पाराग्वेत हा कंद. नाव मांडिओका. मी एक तुकडा तोंडात टाकला. रताळ्याहून घट्ट आणि गोडी कमी. जावयांनी मोबाइलवर शोधून सांगितले, "आई, हा ओळखीचा आहे. ह्याच्याच पिठाचा आपला साबुदाणा होतो."

भगिनींनो, मी चमचा खाली ठेवला. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी तो लागवडीस आणला. त्याच्या कडू जातींत विष असते. तो किसून, पिळून, धुऊन, भाजून ते विष काढण्याची रीत त्यांनीच शोधली. पोर्तुगिजांबरोबर तो केरळात आला. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद पडला, तेव्हा त्रावणकोरच्या गोरगरिबांना याच कंदाने जगवले. आज तमिळनाडूत सेलमकडे त्याच्या सत्त्वाचा साबुदाणा बनतो आणि तो महाराष्ट्रात घरोघर येतो. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा तिकडचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटाही तिकडचाच, हिरवी मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली. जिरे आणि तूप सोडले तर उपासाच्या त्या पवित्र बशीत आदिवासींच्या शेतीवाचून काही उरत नाही! आपल्या घरांतले उपास-तापास केव्हाच सुटले, साबुदाणावडा मात्र सुटला नाही, हे बरे झाले.

त्याच कंदाच्या सत्त्वाचे 'म्बेजू' आले. तव्यावर थापलेले, बाहेरून खरपूस, आत चिवट, जाड थालीपिठासारखे. 'चिपा' आल्या, त्याच सत्त्वाच्या, चीज आणि बडीशेपेच्या वासाच्या भाजलेल्या कडक कड्या. पाराग्वेत बाया टोपलीत चिपा भरून, टोपली डोक्यावर घेऊन एसटीसारख्या गाड्यांत चढतात आणि विकतात. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तर घरोघरी ढिगाने चिपा भाजतात.

जावयांनी आपल्यासाठी गोमांसाचा एक पदार्थ मागवला. कांदा-टोमॅटोत शिजवलेला मांसाचा तुकडा आणि वर तळलेले अंडे. गाई-बैल स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले आणि आज तो देश गुराढोरांचा म्हणूनच ओळखला जातो. पदार्थाचे नाव 'बिफे कोयग्वा'.

"कोयग्वा म्हणजे?" मी सहज विचारले.

पोरीने आजीकडे पाहिले. आजीने हसून काहीतरी सांगितले. पोरगी म्हणाली, "कोयग्वा म्हणजे रानातला, खेड्यातला, चारचौघांत बुजणारा माणूस. कुणाला खाली पाडून बोलायचं असलं तरी म्हणतात."

म्हणजे आपल्याकडचा गावंढळ! हॉटेलच्या यादीत, ठळक अक्षरांत, 'गावंढळाचं मटण' असे लिहिलेले आपण कधी पाहिले आहे का? मला राहवले नाही. मी म्हटले, "आजीबाईंना विचार, हे नाव ठेवायची लाज नाही वाटली?"

जेवणाची गर्दी ओसरली होती. मालकीणबाई खुर्ची ओढून आमच्या टेबलापाशी बसल्या आणि बोलू लागल्या. त्यांचे बोलणे आणि मी नंतर वाचून घेतलेला इतिहास एकत्र करून सांगते.

१८६४ ते १८७० या काळात पाराग्वेचे एकाच वेळी ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांशी युद्ध झाले. किती माणसे मेली यावर इतिहासकारांचा अजून वाद आहे. पण निम्म्याहून अधिक लोकसंख्या गेली असे अनेक जण मानतात, आणि कर्त्या पुरुषांतले तर फारच थोडे उरले. १६ ऑगस्ट १८६९ रोजी अकोस्ता न्यू येथे लहान लहान पोरे लढाईत उभी केली गेली आणि कापली गेली. मोठे दिसावे म्हणून त्यांनी खोट्या दाढ्या लावल्या होत्या असे सांगतात. पाराग्वेत आजही बालदिन असतो तो १६ ऑगस्टलाच. आपल्याकडे त्या दिवशी मुलांना फुगे देतात, तिकडे त्या फुग्यांमागे ही आठवण आहे.

युद्ध संपले तेव्हा गावांत उरल्या बाया, म्हातारे आणि लेकरे. नांगर बायांनी धरला. मका आणि मांडिओका बायांनी पेरले. थोडे चीज, एखादे अंडे, मूठभर मक्याचे पीठ, एवढ्यात घर जगवायचे. पाराग्वेचे पदार्थ इतके दाट आणि पोटभरीचे का, याचे कारण तिकडचे काही अभ्यासक या उपासमारीत शोधतात. मका आणि कंद आदिवासींचा, चीज-अंडी स्पेनकडून आलेली, आणि दोन्ही एका बुट्टीत कालवणारे हात तिथल्या बायांचे.

भाषेचेही तसेच. पाराग्वेतले बहुतेक लोक आज ग्वारानी समजतात, बोलतात, मग ते स्वतः आदिवासी असोत वा नसोत. पण युद्धानंतर शाळांतून ग्वारानीला बंदी झाली. शिकलेल्यांची भाषा स्पॅनिश, ग्वारानी गावंढळांची. मालकीणबाई १९७० च्या सुमारास शाळेत होत्या. वर्गात चुकून ग्वारानी शब्द तोंडातून गेला की बाई मक्याचे दाणे जमिनीवर पसरत आणि त्यावर गुडघे टेकून उभे करीत.

"ज्या मक्यानं घरी पोट भरायचं," त्या म्हणाल्या, "त्याच मक्यावर शाळेत गुडघे फुटायचे."

१९५४ ते १९८९ अशी पस्तीस वर्षे त्या देशात जनरल स्त्रोएस्नेर यांची हुकूमशाही होती. ती गेल्यावर १९९२ साली नवी राज्यघटना आली आणि तिने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला. राज्यघटनेतल्या एका कलमाने काय होते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मालकीणबाई तेव्हा तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आईला सांगितलं, आता आपण बोलतो ती भाषा सरकारची भाषा झाली. आई म्हणाली, सरकारला आत्ता कळलं?"

मग माझ्या प्रश्नाचे उत्तर आले. "हॉटेल काढलं तेव्हा माझ्या भावानं सांगितलं, नावं स्पॅनिशमध्ये लिही, लोकांना कळतील. मी म्हटलं, लोकांनी विचारावं म्हणूनच अशी लिहिते. विचारलं की मी सांगते. कोयग्वा म्हणजे मी. माझी आई. ज्यांना गावंढळ म्हणायचंय त्यांनी खाऊन झाल्यावर म्हणावं."

टेबलावर सगळे हसले. नातूही हसला, त्याला किती कळले कोण जाणे.

इथे एक खरे बोलले पाहिजे. पाराग्वेत सगळे गोमटे झाले असे नाही. ज्यांचा मका, ज्यांचा कंद आणि ज्यांची भाषा साऱ्या देशाने आपली म्हटली, ते आदिवासी स्वतः आज लोकसंख्येत दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आहेत. त्यांच्या जमिनी गेल्या, रानं गेली, आणि दारिद्र्यात तेच सगळ्यात खाली आहेत. म्हणजे ताट घेतले, पण ताट देणाऱ्याला अंगणाबाहेरच ठेवले. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ताटाचा मान आणि माणसाचा मान या दोन लढाया आहेत, पहिली जिंकली म्हणून दुसरी आपोआप जिंकली जात नाही. मालकीणबाईंनीही हे नाकारले नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "खरंय. ते अजून बाकी आहे."

जेवण आटोपल्यावर गोड आले. बशीत तपकिरी चौकोनी तुकडे. नातू ओरडला, "आजी, चिक्की!"

आणि खरोखर चिक्कीच. भाजलेले शेंगदाणे आणि उसाची काकवी यांची वडी. नाव मात्र भारी, 'काई लाद्रियो', म्हणजे माकडाची वीट. नातवाला ते नाव इतके आवडले की तो चार वेळा म्हणत बसला. मालकीणबाईंना आम्ही सांगितले, हे आमच्याकडेही होते, पुण्याहून मुंबईला जाताना लोणावळ्याला गाडी थांबली की सगळे हेच घेतात. त्यांचा विश्वास बसेना. शेंगदाणा त्यांच्या बाजूचा, ऊस आपल्या आशियातला. दोघांची गाठ दोन्हीकडे पडली आणि दोन्हीकडच्या बायांच्या डोक्यात एकच वडी आली.

निघताना त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. १ ऑक्टोबरला पाराग्वेत घरोघरी 'जोपारा' शिजवतात. जोपारा म्हणजे मिसळ. मका, कडधान्य, मांस, भाजी, घरात असेल ते एका भांड्यात. त्या दिवशी 'काराई ओक्तुब्रे', म्हणजे ऑक्टोबर महाराज, गवताची टोपी घालून आणि हातात चाबूक घेऊन दारोदार फिरतो म्हणे. पेरणी झालेली असते, जुने धान्य संपत आलेले असते. ज्या घरात भांडे भरलेले दिसेल ते घर तो सोडून देतो, भांडे रिकामे असेल तिथे वर्षभराचे दैन्य ठेवून जातो. मी असल्या महाराजांवर विश्वास ठेवणारी नाही. मालकीणबाईही ठेवत नसाव्यात. पण गोष्टीचा अर्थ उघड आहे. हंगामाच्या तोंडाशी पोटापुरते राखून ठेवा आणि आहे ते वाटून खा. ग्वारानी आणि स्पॅनिश मिसळून जी रोजची बोली होते, तिलाही ते लोक जोपाराच म्हणतात.

घरी येताना माझ्या डोक्यात १९७२ चा दुष्काळ फिरत होता. मी दहा वर्षांची होते. आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीचा रंग अजून डोळ्यांपुढे आहे. त्यानेच जगलो, त्याला नावे ठेवणार नाही. पण नंतर कोणत्याही घरात आवडीने मिलोची भाकरी झाल्याचे मी पाहिले नाही. हुलग्याचे माडगे मात्र आईने त्याच दिवसांत केले. मूठभर हुलगे भाजून, दळून, पाण्यात शिजवून, गुळाचा खडा टाकून. त्याची आठवण निघाली की आजही तोंडाला पाणी सुटते. दोन्ही अन्ने दुष्काळातलीच. एक पदरात टाकलेले होते आणि दुसरे आईच्या हाताने, आईच्या अकलेने केलेले होते. टंचाईतले अन्न म्हणून लाजायचे की अभिमान धरायचा, याचा निवाडा बहुधा इथेच होतो. वोरी वोरी आणि म्बेजू हे पाराग्वेच्या आयांचे माडगेच म्हणायचे.

पण मग मी काय केले? नोकरी लागली, तालुक्याला घर झाले, आणि मी माडगे बंद केले. कण्या बंद केल्या. लेकीला पोळी-भाजी, पुलाव, इडली सगळे शिकवले, माडगे शिकवले नाही. तिला हसतील म्हणून झाकण मीच लावले. मग नातवाला "हे काय आहे" याचे उत्तर येत नाही, यात त्याचा काय दोष? त्याला नाव कुणी सांगितलेच नव्हते.

त्या रात्री लेक म्हणाली, "आई, तू मघाशी गाडीत कशाचं नाव घेतलंस? माडगं? ते काय असतं?"

भगिनींनो, चाळिशीला आलेल्या लेकीने हे विचारावे, याचे मला फार वाईट वाटले आणि बरेही वाटले. हुलगे भारतीय दुकानात मिळाले. दुसऱ्याच दिवशी माडगे केले. जावयांनी दोन वाट्या घेतल्या. लेक खाता खाता गप्प झाली. मग म्हणाली, "हे आजीच्या हाताला यायचं का?" मी म्हटले, "येत होतं. आता तुझ्या हाताला येऊ दे."

आता तुमच्यासाठी म्बेजूची कृती. मालकीणबाईंनी हातावर मोजून सांगितली, मी लेकीकडे करून पाहिली. आपल्याकडे बारीक साबुदाणा मंद आचेवर कोरडा भाजावा, गार झाल्यावर मिक्सरवर दळून चाळून घ्यावा. हे पीठ दोन वाट्या. त्यात दोन-तीन चमचे लोणी, चवीपुरते मीठ आणि एक वाटी किसलेले चीज. नुसते पनीर घेऊ नये, ते वितळत नाही. निम्मे चीज, निम्मे पनीर चालेल. सगळे बोटांनी चोळावे आणि दुधाचा शिंतोडा देत राहावे. पिठाचा गोळा करायचा नाही. ओल्या वाळूसारखे झाले पाहिजे, मुठीत दाबले तर बसेल आणि सोडले तर सुटेल. जाड तवा तापवून त्यावर हे मिश्रण बोटाच्या पेराएवढ्या जाडीने पसरावे, कडा दाबाव्यात, आच मध्यम ठेवावी. तेल लागत नाही. खालची बाजू धरली की ताट पालथे घालून उलटावे आणि दुसरी बाजू खरपूस करावी. गरम असतानाच खावे. पाराग्वेत याच्याबरोबर 'कोसिदो' घेतात. साखर आणि येर्बा माते नावाच्या झाडाची पाने एकत्र करपवून, पाणी घालून उकळलेले ते पेय असते. आपण गुळाचा चहा घ्यावा.

आणि डब्याचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. सोमवारी सकाळी नातू कागद-पेन्सिल घेऊन माझ्यापुढे बसला. "आजी, नावं सांग." मी सांगत गेले, तो इंग्रजी अक्षरांत लिहीत गेला. भाकरी. ठेचा. माडगं. कण्या. चिक्की. प्रत्येकापुढे त्याने एक ओळ लिहून घेतली, हे कशाचे आणि कोण करते. भाकरीपुढे त्याने लिहिले, ज्वारीची, आजी करते, तिची आई करायची. कागद फ्रिजवर चिकटवला आणि डबा घेऊन गेला.

संध्याकाळी मी डबा उघडला. अर्धी भाकरी परत आली होती.

"अर्धीच का रे?"

"अर्धी मित्रांनी खाल्ली आजी," तो म्हणाला. "मला पुरली नाही. ही अर्धी चटणीशिवाय कशी खाणार? चटणी आधीच संपली."

दुसऱ्या दिवशी मी दोन भाकऱ्या आणि दुप्पट चटणी दिली.

तुमच्या घरातला असा कोणता पदार्थ आहे, ज्याचे नाव लेकरांना माहीत नाही? या आठवड्यात तेवढा एक करा आणि करताना नाव मोठ्याने सांगा. पुढच्या अंकी भेटूच.